सात नंबरचा धागा

"डायरी न्या, पण परत आणून द्या, मॅडम," दिव्या म्हणाली. मांडीवरची लेक चुळबुळत होती. एका हाताने तिला थोपटत दिव्याने नवऱ्याची डायरी पुढे केली.

चऱ्होलीच्या त्या दोन खोल्यांत रुपाली पहिल्यांदाच आली होती. नवनाथला जाऊन महिना झाला होता. चाकणच्या प्रयोगशाळेत तो द्रव-स्फटिक पॉलिमरचे धागे ओढायचा आणि रुपाली ते पाकिटांत भरून जपानला, क्योतोला पाठवायची. तिथले प्राध्यापक क्ष-किरणांनी त्यांची आतली रचना बघायचे. तुलनेसाठी तिथे केलेले धागेही इकडे पाठवायचे.

दिवाळीनंतर त्यांचा मेल आला. सात नंबरच्या धाग्यात रेणूंच्या साखळ्या इतक्या सरळ होत्या, की त्यांनी तो चारदा तपासला. असाच पुन्हा करा, म्हणाले.

नवनाथला पुन्हा जमेना. तो उष्णता थोडी थोडी वाढवत राहिला. "एकदा हातून झालंय ना मॅडम, मग होतंय की परत," असं हसून म्हणायचा. शेवटी मशीनचं तोंड फुटलं आणि वितळलेला पॉलिमर त्याच्या छातीवर आला.

चौकशीच्या अहवालात एकच ओळ होती. कामगाराने मर्यादेबाहेर उष्णता वाढवली.

"सगळे त्यांनाच येडं ठरवतात," दिव्या म्हणाली. "हिला मोठी झाल्यावर काय सांगू मी?"

"म्हणूनच आले गं. सात नंबरही त्याने तेवढ्याच वाढीव उष्णतेवर केला असेल, तर डायरीत आकडा असणार. मग अहवाल बदलावाच लागेल."

धागा ओढला त्याच दिवशी ती पाकिटात भरायची; सात नंबरच्या पाकिटावरची तारीख तिच्या फोनमध्ये होती. एक ऑक्टोबर. तिने पानं उलटली. तीस सप्टेंबर होतं, तीन ऑक्टोबर होतं. मधली पानं कोरी.

"काय हुडकता, बाई?" नवनाथची आई, सोजरबाई, चहा घेऊन आली.

"एक ऑक्टोबर, मावशी. दसऱ्याचा आदला दिवस."

"त्या दिशी कुठलं वो काम? खंडेनवमी व्हती. मशीनला हळदकुंकू लावून, हार घालून सकाळीच घरी आला की त्यो. पुजलेलं मशीन कुणी चालवतं व्हय?"

रुपालीने कप घेतला, पण ओठाला लावला नाही.

एक ऑक्टोबरला सात नंबरचं पाकीट भरताना तिच्या टेबलावर एकच धागा होता. क्योतोहून तुलनेसाठी आलेला.