दुसरे वजन

काटा तिसऱ्यांदाही त्याच रेघेवर थांबला, आणि ती रेघ चुकीची होती.

नव्या संचालिकाबाईंनी काटा लांबून वाचायच्या दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. तराजूच्या खोलीत फार हलायचे नसते. अंगाची ऊब काचेच्या पेटीपर्यंत पोहोचली तरी काटा बिथरतो. पेटीतल्या दोन पारड्यांत दोन वजने होती. औषधाच्या दुकानापासून गोदीपर्यंत देशातले प्रत्येक वजन शेवटी ज्याच्याशी ताडून पाहिले जाई, ते एक. प्रयोगशाळेत त्याला थोरले म्हणत. दुसरे त्याच्याच जोडीने घडवलेले, पण कायम कुलपात राहणारे. ते धाकटे. नवा संचालक रुजू होताना तेवढे ते बाहेर निघे. दोघांतला फरक संचालकाने मोजायचा आणि आकडा पाकिटात बंद करायचा. मग उपसंचालकाने तेच वजन स्वतंत्रपणे करायचे. आकडे जुळले की खुर्ची पक्की; न जुळले तर नेमणूक पुन्हा निवड समितीपुढे.

आजवरच्या सगळ्या संचालकांचा आकडा एकच होता. तो बाहेर पितळी पाटीवर कोरलेला होता: थोरले केसभर जड. बाईंना मात्र थोरले केसभर हलके दिसत होते.

या खुर्चीवर नेमली गेलेली ही पहिलीच स्त्री. मुलाखतीत एका सदस्याने विचारले होते, “इतका वेळ न बोलता बसणं बाईमाणसाला जमेल का?” बाईंनी उत्तर दिले नव्हते. तेच उत्तर आहे, हे समितीच्या जरा उशिरा लक्षात आले.

बाईंनी पारड्यांतली वजने अदलाबदल केली, हवा शांत होऊ दिली आणि पुन्हा पाहिले. फरक तोच. पाटीवरचा आकडा लिहिणे सोपे होते. तसे केले असते, तर कधीच कुणाला कळले नसते; अडचण नेमकी तीच होती. त्यांनी दिसले ते लिहिले आणि पाकीट चिकटवले.

बाहेर बाकावर सासूबाई ठेवणीतले कपडे घालून बसल्या होत्या. शेजारी लेखनिक. भिंतीपाशी उपसंचालक, हात पाठीमागे बांधून. ही खुर्ची त्यांचीच, असे सारे खाते धरून चालले होते, तेही. आजवर प्रत्येक संचालकाने दारातच मोठ्याने म्हटले होते, “तेच आहे.” बाई काहीच न बोलता बाकासमोरच्या खुर्चीत बसल्या.

“काही सांगायचंय का, मॅडम?” उपसंचालकांनी विचारले.

“सांगितलं, तर मग तुम्ही कशाला मोजायचं?”

ते आत गेले. दार लागले.

वेळ जात राहिला. बाईंना सगळे लख्ख दिसत होते. त्या माणसाला खोटे बोलण्याचीही गरज नव्हती. पाटीवरचा आकडा तेवढा लिहायचा होता. मग बाई चुकल्या असे आपोआप ठरले असते आणि खुर्ची आपल्या पायांनी त्याच्याकडे चालत गेली असती.

“एवढा वेळ लागतो?” सासूबाईंनी लेखनिकाला विचारले. “आत डोळा लागला नाही ना त्यांचा?”

“एरवी एवढ्यात दोनदा परत आले असते,” लेखनिक म्हणाला.

“आणि तू गं, अशी ताठ का बसलीस? तुझं वजन करतायत का?”

“हो, आई. तेच चाललंय.”

“मग काळजी नाही. लग्नात होतीस, त्यापेक्षा भरली आहेस चांगली.”

दार उघडले. उपसंचालकांची कॉलर घामाने ओली झाली होती. त्यांनी पाकीट लेखनिकाच्या हातात दिले आणि ते खिडकीकडे पाहत राहिले. लेखनिकाने दोन्ही पाकिटे फोडली. आकडे मोठ्याने वाचायचा रिवाज होता. त्याने ते आधी मनात वाचले, मग पाटीकडे पाहिले, आणि मगच तोंड उघडले.

दोन्ही आकडे एकच होते. पाटीवरचा वेगळा होता.

“झिजलंय थोरलं,” उपसंचालक म्हणाले. “दरवर्षी वर्धापनदिनाला कातड्यानं पुसतो आपण. मानाचं म्हणून जरा जोरातच. धाकट्याला कोण हात लावतंय?”

लेखनिक ही बातमी सांगायला जवळजवळ पळतच गेला. सासूबाई चहाची सोय पाहायला उठल्या. दोघेच उरल्यावर बाईंनी विचारले, “झीज काही एका वर्षातली नाही. आधीच्या वजनांत ती कशी दिसली नाही? दुसरं वजन गेल्या तिन्ही वेळी तुम्हीच केलं होतं.”

उपसंचालकांनी चष्मा काढला. “केलं नव्हतं, मॅडम. साहेब बाहेर येऊन ‘तेच आहे’ म्हणायचे. मी आत जाऊन थोडा वेळ बसायचो आणि तेच लिहायचो. तराजूची अडकवलेली दांडी वजनासाठी कधी मोकळी सोडलीच नाही. साहेबांवर संशय घेतल्यासारखं झालं असतं.”

“आणि साहेबांनी तरी?”

“त्यांनाही त्यांच्या आधीच्या साहेबांचा मान होताच की.”

“मग आज का मोजलंत?”

त्यांनी काचा पुसल्या, चष्मा पुन्हा चढवला आणि प्रथमच बाईंकडे सरळ पाहिले.

“आज संशय होताच. तुमची चूक पुराव्यानिशी पकडायची होती.”

बाई खुर्चीत मागे टेकल्या, सकाळपासून पहिल्यांदाच.

“छान,” त्या म्हणाल्या. “माझ्यावर असाच संशय ठेवत जा.”