घर नसलेला काठ

एक पाय उपसायला गेला तसा दुसरा मांडीपर्यंत रुतला, आणि आपण चालत नसून बुडत आहोत हे शंभुलिंगला कळले.

हे तळे त्याने मोबाइलवर, उपग्रहाच्या नकाशात, फार बारकाईने निवडले होते. आपल्या गावापासून, बेंबळीपासून दूर, डोंगराआड. काठाला घर नाही, शेत नाही, गुरांची वाट नाही. मासा त्याने जन्मात चाखला नव्हता. गळाला लागलेला तो लगेच पाण्यात सोडून देई. परंतु लिंगायताच्या घरातला, मामांच्या आडतीवर बसणारा माणूस गळाची काठी घेऊन दिसला असता, तर मासा सोडला की तळला हे विचारण्याची तसदी कुणी घेतली नसती. म्हणून माणसांची नजर पोचणार नाही अशी जागा त्याने आकाशाच्या नजरेने शोधली.

नकाशातले चित्र मात्र भरल्या तळ्याचे होते. आता फाल्गुनात पाणी पार मागे हटले होते, आणि मागे उरलेली भेगाळ, सपाट जमीन वाळलेली होती. केवळ वरून.

त्याने हाक मारली. पुन्हा मारली. निवड अचूक होती. कुणीही ऐकले नाही.

उरला फोन. तो कुणाला करावा, या विचारात गाळ कमरेला आला. शेवटी त्याने बायकोला लावला.

"शिवलीला, म्या रुतलोय. तळ्याच्या गाळात."

"तळ्यात? आन् तुमी तर भूमला हरभरा बघाया जातो म्हणलाव की!"

"ते ऱ्हाऊ दे आता. गाळ वर चढतोय. मामांना म्हणावं दोर घेऊन या. लोकेशन पाठवतो."

"आवं, पण मामांच्या शिवानीला बघाया पाहुणे आलेत, अवचित…" ती थांबली. "हलू नका. धाडते मामांना."

वर ऊन होते. खालचा गाळ थंड होता आणि त्याला घाई नव्हती. श्वास घेतला की पोट फुगे. सोडला की गाळ तेवढी जागा ताब्यात घेई. शंभुलिंग श्वास चोरू लागला. गळ्यातले इष्टलिंग त्याने खांद्यामागे सारले.

जीप आली तेव्हा गाळ छातीला टेकला होता. शंकरप्पा मामा दोर घेऊन धावत उतरले आणि खडक संपतो तिथे थबकले. त्यांना भाचा दिसला. मग त्याच्या पुढ्यात, आधारासाठी गाळात रोवलेली काठी दिसली, तिच्यावरून लोंबणारी दोरी दिसली, दोरीचा गळ दिसला.

"मामा, दोर टाका!"

मामांनी मागे वळून पाहिले. खिंडीत धूळ उठली होती.

"मागच्या गाडीत पाहुणे हायेत," ते म्हणाले. "नगं नगं म्हणलं तरी निघाले, मदतीला. शेत बघताना भाच्याचा पाय घसरला, आसं सांगितलंय म्या त्यास्नी."

"छातीला आलंय, मामा!"

"दिसतंय मला. आधी ती काठी दाब खाली. सोयरीक तोंडावर आलीया पोरीची."

"हाललो की खाली जातोय! दोर तरी द्या हातात!"

"देतो की. न्हाय कोण म्हणतंय? आधी काठी, बाळा."

मामांच्या आवाजात राग नव्हता. या भाच्याला त्यांनी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवल्या होत्या.

शंभुलिंगने दोन्ही हातांनी काठी धरली आणि अंगाचा भार टाकला. काठी खाली गेली. तोही गेला. गाळ काखेत आला. खिंडीतली गाडी उताराला लागल्याचा आवाज आला. त्याने पुन्हा भार टाकला. गार गाळ गळ्याला लागला तेव्हा त्याने मान ताणून काठाकडे पाहिले.

दोर मामांच्या हातातच होता.

"अजून शेंडा दिसतोय," मामा म्हणाले.