दोन माया

कोमल आपल्या मुलीला, मायाला घेऊन शुभदाकडे व्हॅलेंटाइनची कार्डं करायला आली होती. दुकानातली विकतची कशाला, म्हणून शुभदाने जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठाच बेसमेंटमधून वर आणला होता. त्यातून लाल-सोनेरी बदाम झकास निघत होते. दोघींच्या मुलींच्या वर्गातल्या एकूण एक मुलाला कार्ड द्यायचं, कुणालाही वगळायचं नाही, असा टीचरचा नियम होता.

"तुमचं आडनाव काय हो?" शुभदाने सहज विचारलं.

कोमलची कात्री थांबली. हे 'सहज' तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. पुण्यात भाड्याची खोली बघताना, हॉस्टेलच्या मेसमध्ये, ऑफिसात पहिल्यांदा डबा उघडताना. कॅनडात, मिसिसागाच्या बर्फात तरी त्याने पिच्छा सोडला असेल, असं तिला वाटलं होतं.

"का?" तिने विचारलं.

"अहो, वर्गात दोन माया आहेत ना! तुमच्या मायाचं कार्ड दुसरीला जायला नको. नावापुढे आडनावाचं पहिलं अक्षर घालू."

आपण उगाच फणा काढला, असं वाटून कोमल ओशाळली. "जाधव," ती हसून म्हणाली.

शुभदाच्या मुलीने, ऊर्मीने लगेच कार्डावर 'माया जे' लिहायला घेतलं. शुभदाने ग्लूची बाटली कोमलकडे सरकवली आणि बदामावरची नजर न काढता ती म्हणाली, "जाधव म्हणजे... कुठले?"

कोमल काही बोलायच्या आत ऊर्मीच वैतागली.

"आई, जस्ट जे इज इनफ!"