फोटोचा कागद

फुलाच्या बोटांच्या रेषा कष्टानं झिजल्या होत्या, त्यामुळे तिचं आधार कार्ड निघालंच नाही. कुळगीच्या जंगलाजवळच्या रिसॉर्टवर ती भांडी घासायचं काम मागायला गेली, तेव्हा मॅनेजर म्हणाला, "फोटो असलेला कुठलाही सरकारी कागद दाखव." तसा तिच्याकडं एकच होता. मागं उभ्या बायकांना दिसू नये म्हणून तिनं तो पदराआडून पुढं केला. मॅनेजरनं मात्र मोठ्यानंच वाचला, "लाकूडचोरी? हा तर जामिनाचा कागद!" बायका कुजबुजल्या. "लेक बाळंतीण व्हती, साहेब. पाणी तापवायला घरात जळण न्हवतं," ती पुटपुटली. त्यानं फोटो तिच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला. "ही तूच ना?" फुलानं मान खाली घातली. "व्हय, मीच." काम मिळालं. घरी लेकीनं बाळाला थोपटत विचारलं, "कार्डाबिगर कसं घेतलं आये?" "तोंड बघून," म्हणत फुला पाठ फिरवून परसात गेली.