बिननंबरी पिशवी

सोसायटीच्या चेअरमननी चिमट्याने लाल पिशवी उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"नंबर कुठाय? दाखवा मला कोणीतरी, कुठाय नंबर?"

फाटकाशी कचरा द्यायला आलेली दहा-बारा माणसं आपापल्या बादल्या घेऊन उभी होती. बादल्या वेगवेगळ्या, पण त्यांवरचे घरांचे नंबर एकाच हातचे. नवा नियम आला त्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या पेंटरकाकांनी सगळ्या इमारतीच्या बादल्या फुकट रंगवून दिल्या होत्या. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता बादल्या, बढतीच झाली म्हणायची, असं म्हणाले होते.

"पॅड, डायपर, जखमेच्या पट्ट्या लाल पिशवीत, आणि पिशवीवर घराचा नंबर. एवढंच तर सांगितलंय!" चेअरमनचा आवाज चढला. "या एका पिशवीपायी पालिकेची गाडी दोन दिवस आपला कचरा तसाच टाकून गेली. आज सोडत नाही मी. ज्याची असेल त्याचा फोटो ग्रुपवर."

"उघडाच," तळमजल्यावरच्या बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या. "सोक्षमोक्ष लागू दे एकदाचा."

"साहेब, राहू द्या ना," सफाईच्या मावशी पुढे आल्या. "मी ठेवते बाजूला." त्यांच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

पेंटरकाकांची सून सगळ्यांच्या मागे उभी होती. बादलीची कडी बोटांत रुतत होती. घरातल्या कचऱ्याच्या प्रत्येक पिशवीवर सासरे रोज सकाळी ब्रशने नंबर घालायचे. ही एकच पिशवी तिने कधी त्यांच्यापुढे ठेवली नाही, आणि त्यांनी कधी मागितली नाही. स्वतः नंबर घालायलाही तिचा हात धजला नाही. घरात तान्हं मूल नाही, आणि रोज एवढी फुगलेली लाल पिशवी. लोकांना कळायला कितीसा वेळ लागणार? म्हणून तीन थर वर्तमानपत्र, वर गच्च गाठ, आणि नंबर नाही. झाकायला गेली, आणि नेमकं तेच उघडं पडत होतं.

गाठ सुटेना म्हणून चेअरमननी पिशवी वरून फाडली. कागद बाजूला झाला, आत मोठ्या मापाचे डायपर.

"अरे बापरे," पहिल्या मजल्यावरचा उंच तरुण म्हणाला, "बाळसं चांगलंच धरलंय बाळाने!"

हशा पिकला. कडेवर मूल घेतलेली एक आई म्हणाली, "आमचा अजून एवढा नाही हो झाला." पुन्हा हशा.

सून माणसांना बाजूला सारत पुढे आली.

"बंद करा ती पिशवी."

"का? तुमची आहे?"

"माझी आहे."

चेअरमननी एकदा डायपरकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, वरून खाली. "तुमची? म्हणजे हे तुम्ही..."

"मी. माझेच आहेत. घाला फोटो ग्रुपवर, नाव घाला, माझा चेहराही घ्या, तोंड धुऊन आलेय. आणि सगळ्यांचं हसून झालं असेल तर सांगा, मी थांबते."

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. एक पायरी, थांबणं, मग दुसरी.

पेंटरकाका सहा महिन्यांत खाली आले नव्हते. गुडघे दुखतात, असं ती सगळ्यांना सांगायची. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात पांढऱ्या रंगाची डबी, ब्रश कानावर.

"काका, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" चेअरमन गडबडले. "इथे जरा..."

"नंबर राहिला होता," काका म्हणाले.

"बाबा, तुम्ही वर जा," सून म्हणाली. तिचा आवाज सासऱ्यांवर कधी चढला नव्हता, तो आज चढला. "मी बघतेय ना!"

"तू पुष्कळ बघितलंस." त्यांनी डबीचं झाकण काढलं आणि चेअरमनकडे वळले. "धर."

चेअरमननी चिमटा पुढे केला.

"चिमट्याने नाही. दोन्ही हातांनी धर. ताणून. सुरकुती राहिली की अंक फाटतो."

चेअरमननी आजूबाजूला पाहिलं. त्यांनी चिमटा खाली टाकला आणि पिशवी दोन्ही हातांनी धरली.

"अजून ताण."

काकांचा हात थरथरत होता. ब्रश पिशवीला टेकला तशी थरथर थांबली. तीन, शून्य, दोन. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं, शून्याच्या कडेवरून पुन्हा एकदा ब्रश फिरवला.

"हं. काढ आता फोटो. अंक सरळ आलेत."

एकाही हातातला फोन वर झाला नाही. उंच तरुण बुटाची नाडी बांधायला वाकला. ती बांधलेलीच होती.

"रंग वाळेपर्यंत सोडू नकोस," काकांनी चेअरमनला बजावलं आणि डबीला झाकण लावलं. मग सुनेकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "चल. जरा लवकर."

ते वळले तेव्हा तिला त्यांचा पायजमा मागून भिजलेला दिसला. फक्त तिलाच. तिने बादली तिथेच टाकली आणि त्यांच्या पाठीला लागून, पायरीला पायरी, हात दोन्ही बाजूंना पसरून जिना चढू लागली.

खालच्यांना दिसली ती फक्त तिची पाठ.

गाडीचा भोंगा वाजला. चेअरमन पिशवी ताणून उभे होते. रंग अजून ओला होता.