पहिल्या दिवसाचा शिक्का

“अव माय, शिक्का मारेल पाकिटले कोन इचारस?” असं शेजारच्या भागाबाई म्हणाल्या, तेव्हा बी.ए. झालेली कुमुद हसली होती. दारावर आलेला विक्रेता तिला म्हणाला, “ताई, टपाल तिकीट निघालं त्याच दिवसाचा पोस्टाचा शिक्का आहे, संग्रह करणारे शोधत येतात. लेक कॉलेजात जाईल तोवर हजारो मिळतील.” तिने लेकीचे चांदीचे वाळे देऊन ते पाकीट घेतलं. आज रांगत्या लेकीने तेच पाकीट तोंडात घातलं आणि तिचे ओठ काळे झाले. कुमुदने घाबरून ते ओढलं. तिकीट जागेवर होतं, शिक्का मात्र लाळेत विरघळला होता. तिने माहेरच्या, दोंडाईच्याच्या आबांच्या पत्रावरचा शिक्का ओल्या बोटाने घासून पाहिला. तो फिसकटला नाही. याच पत्रावरचा आबांचा पत्ता तिने त्या विक्रेत्याला दिला होता, त्यांनीही अशी पाकिटं घ्यावीत म्हणून. आबांच्या हातात निवृत्तीचा फंड आलेला. तुम्ही दोंडाईच्याचे असाल, तर स्टेशनामागच्या आबांकडे आत्ताच डोकावाल?