गुरामीचा नर

"ही बी मादीच निघाली, मालक."

शालूबाईंनी लोणच्याची बरणी काउंटरवर ठेवली. आत निळी गुरामी मासोळी निवांत तोंड मिटत-उघडत होती. जोतीरामनं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, बरणी फिरवून पाहिली आणि चेहऱ्यावर बेताचं आश्चर्य आणलं. "आयला, व्हय की!" पाचव्या खेपेला आश्चर्य जरा कमीच दाखवावं, हे त्याला आता अनुभवानं कळलं होतं.

शाहूपुरीत स्टँडजवळ त्याचं माशांचं दुकान. बाहेर पाटी होती : 'नर-मादी खात्रीने. चूक निघाल्यास बदलून मिळेल.' शालूबाई येईपर्यंत तीस वर्षांत पाटीच्या दुसऱ्या वाक्याला काही काम पडलं नव्हतं. गुरामी ओळखणं तर अगदीच सोपं. पाठीवरचा पर मागं लांब, टोकदार होत गेला की नर. आखूड आणि गोल राहिला की मादी. हे तो शाळेतल्या पोरांनाही अर्ध्या मिनिटात शिकवायचा. शालूबाईंना मात्र त्यानं पराचं नावही सांगितलं नव्हतं. "नर जरा रागीट असतोय," तो म्हणायचा, "खाणं बी आधी उचलतोय. पंधरा दिवस निरखा, मग कळंल." बाई निमूटपणे मान हलवायच्या, पंधरा दिवस निरखायच्या आणि कागलहून एस्टीनं बरणी घेऊन यायच्या.

जोतीरामकडे अशा दोन माद्या होत्या. एक कागलला असली की दुसरी दुकानात. दोघींनी मिळून जेवढा प्रवास केला, तेवढा जोतीरामनं गेल्या पाच वर्षांत केला नव्हता.

पहिल्या वेळची चूक खरी होती. गर्दीत भलतीच गुरामी जाळीत आली आणि पिशवीत गेली. बाई बदलायला आल्या तेव्हा त्यानं ओशाळून चहा सांगितला. चहा संपला तरी बाई बसून राहिल्या. नातवानं हट्टानं टाकी घेतली होती. पोरगा-सून त्याला घेऊन बेंगळुरूला गेले, टाकी तेवढी घरात राहिली. त्यातली एकटी गुरामी बघवत नाही, म्हणून तिला नर पाहिजे. जोतीरामही बोलला. बायको गेल्यापासून स्वयंपाक तोच करतो, आणि आमटीत मीठ जास्त झालं तरी सांगायचं कुणाला, असं काहीतरी तो बोलून गेला. बाई गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की तासभर आपण माशांखेरीज दुसऱ्या विषयावर बोललो.

दुसऱ्या वेळची चूक त्यानं नीट बघून केली.

दाराशी हार विकणाऱ्या धोंडुबाईनं ते कधीच ओळखलं होतं. "बाकीच्या गिऱ्हाइकाला तुजं डोळं घारीवानी," ती म्हणायची, "आन् कागलची बाई आली की मोतीबिंदू व्हय रं, जोत्या?" जोतीराम ऐकलंच नाही असं दाखवून टाक्यांच्या काचा पुसायला घ्यायचा.

आज मात्र धोंडुबाईच्या आवाजात चेष्टा नव्हती. हारातला दोरा दातानं तोडत ती दारातूनच म्हणाली, "आज रिक्षातनं उतरताना दोघांनी धरलं बाईला. गुडघा बघ केवढा सुजलाय. नीट बघून दे की एकदा!"

"जाऊ दे वं मावशी," शालूबाई म्हणाल्या. "त्यांचा काय दोष? मासा काय बोलतोय व्हय?"

जोतीरामनं पहिल्यांदाच खाली पाहिलं. बाई खुर्चीत एक पाय सरळ ठेवून बसल्या होत्या. गुडघ्यावरच्या पट्टीचा फुगवटा साडीवरूनही दिसत होता. दुकानाच्या दोन पायऱ्या त्या कशा चढल्या असतील? त्यानं मनातल्या मनात दोन बाजू मांडल्या. एका बाजूला त्याचा तासभराचा चहा. दुसऱ्या बाजूला एस्टी, रिक्षा, दोन पायऱ्या आणि तो गुडघा. स्वतःला भला माणूस समजायची त्याला सवय होती. ती सवय जरा अवघडली.

"नरच पायजे न्हवं?" त्यानं विचारलं.

"नरच की. पहिल्यापास्नं त्येच मागतोय."

तो नेहमीच्या टाकीपाशी थांबला आणि पुढं गेला. कोपऱ्यातल्या टाकीत नर होता, ऐटबाज, तांबूस डोळ्यांचा. जाळी पाण्यात घालताना जोतीरामला पुढचं सगळं दिसत होतं. जोडी जमेल. नर पाण्यावर फेसाचं घरटं बांधेल. कागलच्या टाकीत पिल्लंच पिल्लं होतील. बाई तिथंच रमतील, आणि बरणी पुन्हा लोणच्याला जाईल. पाच वाजता चहाच्या पोऱ्याला 'दोन' म्हणून बोटं दाखवायचं कारण उरणार नाही.

त्यानं पिशवीत पाणी घेतलं, हवा भरली, रबर लावलं. मग उगाचच दुसरं रबर लावलं.

"घ्या," तो म्हणाला. "आता बदलायला न्हाय यायला लागायचं. खात्रीनं सांगतो. गुडघ्याला आराम द्या."

शालूबाईंनी पिशवी घेतली आणि दाराकडच्या उजेडात डोळ्यांसमोर धरली. मासा वळला. पाठीवरचा लांब पर शेपटीपर्यंत गेला होता. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि एका बोटानं हळूच त्याच्याकडे सरकवली.

"ह्यो नको, मालक," त्या म्हणाल्या. "ह्यो नर हाय."